गणपतीचा देखावा 'व्हिडिओ गेमचं १९८३': कोणतं वर्ष धरावं, फलकावर काय लिहावं आणि जुना टीव्ही गेम एलईडीवर कसा चालवावा?

मंडळाचा_सचिव (महाल, नागपूर)

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाचा देखावा व्हिडिओ गेमच्या इतिहासावर आहे. अख्खा इतिहास मंडपात मावत नाही, म्हणून एकच वर्ष धरायचं ठरलं आणि तिथेच वाद सुरू झाला. निम्मे म्हणतात १९८३, निम्मे म्हणतात १९८५, कारण मारिओ १९८५ चा. वर एक आजोबा म्हणाले, १९८३ लिहाल तर लोक कपिल देवचा फोटो शोधतील.

हाताशी सामान असं: नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम (लेबल उडालंय, कंपनी कळत नाही), दोन रिमोट, एक बंदूक, चार कॅसेट, त्यात एक '६४ इन १'. मूळ अडॅप्टर हरवला, म्हणून ९ व्होल्टचा बाजारातून आणला. टीव्ही ४३ इंची एलईडी.

अडचणी:
चित्र काळं-पांढरं येतं.
दहा-पंधरा मिनिटं चाललं की गेम जागच्या जागी अडकतो. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा चालतो.
एक कॅसेट लावली तर नुसता राखाडी पडदा. दुसरीत गेम चालतो, आवाज येतो, पण चित्रांच्या जागी भलतेच तुकडे दिसतात.
बंदूक अजिबात लागत नाही.

दहा दिवस, रोज संध्याकाळी ६ ते ११ चालवायचा आहे. पोरं रांगेत उभी राहणार, मध्येच बंद पडला तर गोंधळ होईल. फलकासाठी पक्की माहितीही हवी.

---

जुनीकॅसेट

आधी वर्षाचं सांगतो, मशीनचं इथले सोल्डरवाले सांगतीलच.

१९८३ घ्या. १९८५ हे त्याचं पुढचं प्रकरण आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळायला लागला आणि त्याच वर्षी १५ जुलैला जपानात निन्तेंदोचा फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, दुकानात आला. किंमत १४,८०० येन. योगायोग असा की सेगाचा पहिला घरगुती कन्सोल, एसजी-१०००, त्याच दिवशी १५,००० येनला बाजारात उतरला. तुमच्या टेबलावरचा डबा म्हणजे त्या फॅमिकॉमचीच नक्कल आहे, तैवान-चीनच्या वाटेने दहा-बारा वर्षांनी आपल्याकडे पोहोचलेली. देखाव्यात हात लावायला जी वस्तू ठेवणार तिचं जन्मवर्ष १९८३ आहे, एवढं एकच कारण मला पुरतं.

आजोबांनाही खूश करता येईल. लॉर्ड्सचा अंतिम सामना २५ जून १९८३, फॅमिकॉम १५ जुलै. मध्ये फक्त २० दिवस. फलकाची पहिली ओळ तीच ठेवा, माणूस थांबतोच.

अमेरिकेच्या बाजूला हे लिहा. अटारी या तेव्हाच्या मोठ्या अमेरिकी गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अटारीने खटला भरला आणि १९८२ मध्ये तडजोड झाली. दुसऱ्याच्या मशीनसाठी कॅसेट बनवायला त्यामुळे वाट मोकळी झाली आणि जो उठला तो कॅसेट काढू लागला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीचासुद्धा गेमचा विभाग होता, यावरून काय ते समजा. दुकानांत माल साचला. छोट्या कंपन्या बुडाल्या तेव्हा माल परत घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून दुकानदारांनी ३०-३५ डॉलरच्या कॅसेट पाच-पाच डॉलरला काढल्या. पाच डॉलरचा ढीग दारात असताना नवी, चांगली कॅसेट पूर्ण किमतीत कोण घेणार? त्यातच कमोडोर कंपनीने घरगुती संगणकांच्या किमती पाडल्या. त्या मारामारीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकाचा धंदाच सोडला. अमेरिकेतली उलाढाल १९८३ च्या सुमारे ३२० कोटी डॉलरवरून १९८५ मध्ये सुमारे १० कोटींवर आली, असे आकडे सगळीकडे दिले जातात. तेच द्या.

दोन गोष्टी मात्र फलकावर चुकीच्या जाऊ देऊ नका. पहिली, 'ई.टी. या एका गेममुळे सगळं बुडालं'. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉने तो गेम साधारण पाच आठवड्यांत लिहिला आणि तो फसला, हे खरं. पण अटारीची मूळ कंपनी वॉर्नरचा शेअर आपटला तो ७ डिसेंबर १९८२ ला विक्रीचा अंदाज खाली आणल्यावर, म्हणजे ई.टी. नुकताच दुकानात आला होता तेव्हा. घसरण आधीच शिजत होती. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत सप्टेंबर १९८३ मध्ये माल पुरला तोही सगळा ई.टी. नव्हता. एप्रिल २०१४ मध्ये खणून काढलं तेव्हा कितीतरी वेगवेगळे गेम निघाले, आणि पुरलेल्या कॅसेट सुमारे ७ लाख २८ हजार असल्याचं अटारीच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यानेच सांगितलं. 'कोट्यवधी' लिहू नका.

दुसरी, 'जगभर गेमचा धंदा बुडाला'. जपानात उलट फॅमिकॉम जोरात गेला. युरोपात पोरं स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या घरगुती संगणकांवर टेपवरून गेम चढवत होती, त्यांच्या गावीही हे नव्हतं. कोसळला तो अमेरिकेचा बाजार.

---

तापलेलं_सोल्डर

मशीनकडे येऊ. दहा-पंधरा मिनिटांनी अडकतो आणि थंड झाला की चालतो, हे वाचून ९० टक्के निदान झालंच: रेग्युलेटर, म्हणजे अडॅप्टरचे व्होल्ट पाचवर आणणारा भाग, तापतोय. पण मोजल्याशिवाय काही बदलू नका. मल्टीमीटर घ्या आणि उघडा.

खालचे स्क्रू काढले की पॉवर सॉकेटजवळ तीन पायांचा तो रेग्युलेटर, ७८०५, दिसेल. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावा इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मशीन चालू ठेवून काळी प्रोब मधल्या पायावर धरा. उजव्या पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट पाहिजेत. डाव्या पायावर ७ च्या खाली गेलं तर ७८०५ ला पाच सांभाळता येत नाहीत; ११-१२ असलं तर तो जास्तीचे सगळे व्होल्ट उष्णता करून फेकतोय. दोन्ही आकडे गेम चालू असताना आणि अडकल्यावर, असे दोनदा लिहून घ्या. अडॅप्टरची वायर तोडून मीटर अँपिअरवर मालिकेत लावता आला तर करंटही मोजा. प्रोब लावताना दोन पाय एकमेकांना टेकवू नका. इनपुट-आउटपुट शॉर्ट झाले तर सगळे व्होल्ट थेट चिपवर जातात आणि मग देखाव्यात नुसता डबाच ठेवावा लागेल.

नवा अडॅप्टर घेण्याआधी पिनची दिशा बघा. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरला (१० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर) आतली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची बाजू पॉझिटिव्ह होती, आज सर्रास मिळणाऱ्यांच्या उलट. नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. तपासायची पद्धत सोपी: मशीन बंद, मीटर बीपवर, एक प्रोब ७८०५ च्या मधल्या पायाला, दुसरी सॉकेटच्या आतल्या पिनला. बीप वाजला तर आतली पिन निगेटिव्ह.

तिथेच बोर्डवर क्रिस्टल बघा, चंदेरी धातूचा चपटा डबा. त्यावर २१.४७ लिहिलंय की २६.६०, ते इथे टाका. त्यावरून रंगाचं उत्तर मिळेल. आणि चिप काळ्या डांबराच्या थेंबाखाली आहे की सुट्या लांब चिपा आहेत, तेही सांगा.

---

बर्डीवाला

भाऊ, कॅसेटीत फुंकर मारणं पहिले बंद करा. सगळे हेच करून राहिले आणि सगळ्यांना वाटते की फुंकरीनं चालते. चालते ती कॅसेट काढून परत लावल्यानं, पिना घासल्या जातात म्हणून. थुंकीचा ओलावा मात्र तांब्याला हिरवं करून ठेवते.

तुमच्या दोन कॅसेटींचे दोन आजार आहेत. ६० पिनांमध्ये थोड्या पिना प्रोसेसरकडे जातात, थोड्या चित्राच्या चिपकडे. राखाडी पडदा म्हणजे प्रोसेसरला प्रोग्रामच वाचता येऊन नाही राहिला. गेम चालते, आवाज बरोबर, पण चित्राचे तुकडे, म्हणजे प्रोग्राम ठीक आहे, चित्राच्या बाजूची एखादी पिन लागत नाही. दोन्हींत पहिला उपाय एकच, सफाई.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलमध्ये ७० टक्केवालं मिळते, त्यात पाणी असते, ते नको. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ९९ वालं मिळते. कापसाची काडी ओली करून पिनांच्या लांबीच्या दिशेनं ओढा, आडवं घासू नका. काडी काळी येणं थांबेपर्यंत नव्या काड्या घ्या. एवढ्यानं नाही झालं तं पांढरा मऊ खोडरबर हलक्या हातानं, मग परत अल्कोहोल, नाही तं रबराचा भुसा मशीनच्या स्लॉटात जाईल. पेनाचा निळा रबर आणि पॉलिश पेपर, दोन्ही नको, वरचा मुलामा निघून जाते.

स्लॉटासाठी: जुन्या एटीएम कार्डाला एकपदरी सुती कापड गुंडाळा, अल्कोहोल लावा, सात-आठ वेळा आतबाहेर करा. जाडी कॅसेटच्या पट्टीएवढीच ठेवा. जाड झालं तं स्लॉटाचे पत्रे फाकतात आणि मग चांगली कॅसेट पण ढिली बसते. दहा मिनिटं वाळू द्या, मगच पॉवर.

आणि उन्हाळाभर मशीन कूलरसमोरच्या कपाटात होतं का? विचारायचं कारण, कूलरच्या दमट हवेनं रिमोटातले आणि स्लॉटातले पत्रे लवकर गंजतात. तसं असेल तं रिमोट पण उघडून बघा. आत रबराच्या टोप्या आहेत, त्याच्या खाली काळी कार्बनची टिकली. टिकली आणि बोर्डावरचे पट्टे अल्कोहोलनं पुसा, पण टिकली हलकेच, घासून घासून कार्बनच काढून टाकू नका. एकच बटन मेलं तं कार्बन. सगळीच मेली तं वायर. पाचच तारा असतात आणि तुटते ती बहुतेक रिमोटात शिरते त्या वळणावर. तिथून दोन इंच कापून परत सोल्डरचा डाग लावा.

---

मंडळाचा_सचिव

सगळं मोजलं. क्रिस्टलवर २६.६०१ लिहिलंय. दोन लांब चिपा आहेत, एकीवर यूए६५२७पी, दुसरीवर यूए६५३८. ७८०५ ला हीट सिंक नाही, नुसताच उभा आहे. इनपुट ११.६, आउटपुट ५.०२, अडकल्यावर आउटपुट ३ च्या आसपास घसरलं. करंट ०.३५ अँपिअर. सॉकेटची आतली पिन निगेटिव्ह.

अल्कोहोलने एक कॅसेट पूर्ण बरी झाली. चित्राचे तुकडेवाली अजून तशीच. टीव्हीच्या मागे पिवळं सॉकेट वेगळं नाहीये, हिरव्या-निळ्या-लाल सॉकेटांपैकी हिरव्यात पिवळी पिन लावलीय.

---

तापलेलं_सोल्डर

छान, सगळं जुळतंय. हिशोब करून बघा: (११.६ − ५) × ०.३५ = सुमारे २.३ वॅट उष्णता. हीट सिंक नसलेला ७८०५ दर वॅटला साधारण ६५ अंशांनी आतून तापतो, म्हणजे मंडपातल्या ३२-३५ अंशांवर आणखी १५० अंश. १५० च्या आसपास तो स्वतःला वाचवायला व्होल्टेज पाडतो. तुमचा '३ व्होल्ट' तोच. भाग खराब नाही, त्याच्यावर भार जास्त आहे. ९ व्होल्टचा लिहिलेला स्वस्त ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर कमी भारावर ११-१२ देतो, हा त्यांचा स्वभावच.

उपाय: ७.५ व्होल्ट, १ अँपिअरचा एसएमपीएस अडॅप्टर (ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सर्किटचा, लिहिलेले असतात तेवढेच व्होल्ट देणारा). मग (७.५ − ५) × ०.३५ = ०.९ वॅट, वाढ ५७ अंशांच्या आसपास. शिवाय ७८०५ च्या पाठीला ॲल्युमिनियमचा छोटा हीट सिंक स्क्रूने लावा, मध्ये थर्मल पेस्ट. हीट सिंकचा पत्रा बाजूच्या कोणत्याही पायाला टेकता कामा नये. ७.५ चा मिळाला नाही तर ९ व्होल्टचाच पण एसएमपीएस घ्या, १.४ वॅट पडतील, हीट सिंक असला की चालून जातं. दहा दिवस झाकण पूर्ण आवळू नका. खाली दोन बाटलीची बुचं ठेवून डबा उचलला तरी हवा खेळते.

पिन उलटी आहे, तेव्हा नव्या अडॅप्टरची वायर कापून फिरवून जोडा आणि जोडावर श्रिंक ट्यूब चढवा. अडॅप्टरवर ठळक कागद चिकटवा, 'फक्त टीव्ही गेमसाठी'. मंडळात कोणीतरी तोच अडॅप्टर राऊटरला लावतोच. आणि कोणी उलटा अडॅप्टर मशीनला लावला तर ते वाचावं म्हणून सॉकेट आणि ७८०५ च्या इनपुटमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मालिकेत टाका. त्यात ०.७ ते ०.८ व्होल्ट पडतात, ७.५ तून ६.७ उरतात आणि ७८०५ उपाशी राहतो. म्हणून डायोड टाकणार असाल तर ९ चा एसएमपीएस आणि हीट सिंक, अशी जोडी करा. दहा दिवस लोकांच्या हातात जाणार असेल तर मी हीच करेन.

इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही बदला, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशवाला. तीस वर्षांचा जुना वाळलेला असतो. पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील तर तोच. पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह.

रंगाचं: २६.६०१ म्हणजे पाल (आपल्याकडच्या टीव्हीची रंग पाठवायची पद्धत), ५० हर्ट्झ. पण तुमचा खरा चोर हिरवं सॉकेट आहे. त्या टीव्हीत हिरवं सॉकेट कॉम्पोनंट आणि साधं एव्ही, दोन्हींसाठी सामायिक असतं. सोर्समध्ये 'कॉम्पोनंट' निवडलं तर फक्त उजेड-अंधाराची माहिती वाचली जाते आणि चित्र काळं-पांढरं दिसतं. सोर्स 'एव्ही' करा. तरीही रंग नाही आले तर कलर सिस्टीम ऑटोऐवजी 'पाल' करा. त्यानेही नाही तर क्रिस्टलशेजारी छोटा फिरता ट्रिमर असेल, तो प्लॅस्टिकच्या पेचकसाने अगदी जरासा फिरवा. पालची रंगवाहक लहर क्रिस्टलच्या सहाव्या हिश्श्यावर, ४.४३ मेगाहर्ट्झवर असते. क्रिस्टल थोडा सरकला की टीव्हीला ती सापडत नाही. ट्रिमर शेवटचा उपाय, आणि मूळ जागेवर आधी पेनाने खूण.

एव्हीच्या पिना नेहमी मशीन आणि टीव्ही दोन्ही बंद असताना लावा. दोन पिनी प्लगच्या टीव्हीच्या सॉकेटच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात ना, तो गळका करंट जुन्या चिपला सोसत नाही.

---

रेषा_२८८

टीव्हीबद्दल आणखी थोडं. यूए६५२७पी आणि यूए६५३८ ही जोडी मिळाली हे नशीब समजा. ५० हर्ट्झच्या टीव्हीवर जपानी, ६० हर्ट्झसाठी लिहिलेले गेम चालावेत म्हणूनच ती केलेली. गेम मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने पळतात, म्हणजे सुमारे १७ टक्के हळू. पण प्रोसेसरचं घड्याळ मूळच्या १.७९ ऐवजी १.७७ मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे सूर जवळपास तेच राहतात, फक्त ठेका संथ. युट्यूबवर ऐकलेली चाल तुमच्या मशीनवर सावकाश वाटली तर घाबरू नका, नव्वदच्या दशकात आपल्याकडे पोरांनी ती तशीच ऐकलीय.

बंदुकीचा नाद सोडा. बंदूक गोळी मारत नाही, बघते. घोडा ओढला की गेम एक फ्रेम पूर्ण काळी करतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीच्या डोळ्याला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. एलईडी टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन येईपर्यंत गेमने 'चुकला' ठरवलेलं असतं. शिवाय बंदुकीतला सर्किट पिक्चर ट्यूबच्या रेषांच्या लयीतल्या चमकेवरच जागा होतो, सपाट उजेडावर नाही. जुना ट्यूबचा टीव्ही कोणाच्या घरी मिळाला तर चालेल, २१ इंची पुरे. नाहीतर बंदूक काचेत ठेवा आणि खाली लिहा, बदकं मारायचा गेम १९८४ चा.

उशीर रिमोटालाही जाणवतो. टीव्हीत 'गेम मोड' चालू करा, नॉइज रिडक्शन आणि मोशनचे सगळे पर्याय बंद. एव्ही ते एचडीएमआयचे स्वस्त डबे लावू नका. टीव्हीला एव्ही आहेच, डबा फक्त उशिराची भर घालतो.

चित्राचा आकार ४:३ करा. ताणलेल्या पडद्यावर गोल पिंप अंड्यासारखं दिसतं. आणि खूप पात्रं एका रेषेत आली की ती लुकलुकतात, तो टीव्हीचा दोष नाही. ही चिप पडद्यावर ६४ ठिपके-चित्रं मांडू शकते पण एका रेषेत आठच, म्हणून गेम आळीपाळीने दाखवतो.

---

बर्डीवाला

चित्राचे तुकडेवाली कॅसेट: आतमध्ये एकच बोर्ड असते, उघडून बघा. पिनांच्या वर डांबराचा थेंब असेल तं त्याच्या कडेला केसासारखी भेग गेली का बघा. भेग थेंबाच्या आत असेल तं सोडून द्या. भेग पट्टीवर, पिनेपासून वर जाणाऱ्या रेषेवर असेल तं मीटरच्या बीपवर पिन आणि रेषेचं वरचं टोक तपासा, आणि तुटलेल्या जागी बारीक तारेचा पूल द्या. सुट्या चिपा असतील तं त्यांच्या पायांना नुसता नवा डाग दिला तरी बऱ्याच वेळा जमते. सोल्डरची इस्त्री ३२० अंशांवर, एका पायाला दोन सेकंद.

मंडपाचं पण सांगतो. कॅसेट लावली की तिला दोन्ही बाजूनं क्लॅम्प नाही तं जाड टेप मारा. पोरगं रिमोट ओढते, डबा सरकते, कॅसेट हलते आणि गेम तिथेच गोठते. डबा टेबलाला पट्टीनं बांधा, रिमोटाची वायर टेबलाच्या पायाला एक वेढा देऊन मगच हातात. लायटिंगच्या माळा आणि साउंडवाल्याचा ॲम्प्लिफायर ज्या बोर्डावर आहे त्यावर गेम लावू नका, स्पीकरात घूं येते. जनरेटरवर जाणार असाल तं आधी गेम बंद, लाइन बदलली की मग चालू.

---

जुनीकॅसेट

फलकाचा नमुना कोणीतरी ग्रुपवर टाकलाय, त्यावर मोठ्ठा कॉन्ट्रा आहे. काढा तो. कॉन्ट्रा आर्केडमध्ये (दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) १९८७ चा, फॅमिकॉमवर १९८८ चा. रणगाड्यांचा बॅटल सिटी १९८५, एक्साइटबाइक १९८४, सुपर मारिओ ब्रदर्स १३ सप्टेंबर १९८५. '६४ इन १' मध्ये हे सगळे एकाच यादीत येतात, म्हणून सगळे एकाच वयाचे वाटतात.

खास १९८३ चे हवेत ना? फॅमिकॉमसोबत पहिल्या दिवशी तीनच गेम आले: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पोपाय. सप्टेंबरमध्ये मारिओ ब्रदर्स आला, तो 'सुपर' नसलेला, एकाच पडद्यावर पाइपांतून कासवं निघतात तो. लुइजी पहिल्यांदा खेळात आला तोही १९८३ मध्येच, मार्चमधल्या 'मारिओ ब्रदर्स' याच नावाच्या 'गेम अँड वॉच' या हातातल्या छोट्या गेममध्ये. याचं आर्केड मशीनही १९८३ चंच. यातले दोन-तीन तुमच्या ६४ मध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. यादीत नावं मोडकीतोडकी असतात, तेव्हा एकेक उघडून बघा आणि क्रमांक लिहून मशीनवर चिकटवा.

डाँकी काँगच्या पहिल्या पडद्यावर १९८१ दिसलं तर कोणीतरी नक्की बोट दाखवेल. उत्तर तयार ठेवा: ते आर्केडचं साल आहे. आर्केडच्या चार टप्प्यांपैकी एक फॅमिकॉमच्या कॅसेटीत गाळलाय, सिमेंटच्या घमेल्यांचा. अख्खी कॅसेट २४ केबीची, १६ प्रोग्रामला आणि ८ चित्रांना. हा आकडा फलकावर टाका. शेजारी एका मोबाइल फोटोचा आकार लिहिला की पोरांना लगेच कळतं.

मशीनच्या खालच्या पट्टीवर एवढं पुरे: रचनाकार मासायुकी उएमुरा, रिको कंपनीची ८ बिट चिप, १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी २ केबी आणि चित्रांची वेगळी २ केबी. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटाला स्टार्ट-सिलेक्ट नव्हते, त्याजागी मायक्रोफोन होता. पहिल्या खेपेची बटनं चौकोनी रबराची होती, अडकायची, म्हणून पुढे गोल प्लॅस्टिकची केली. आतल्या बिघाडामुळे निन्तेंदोने सुरुवातीचा माल परत बोलावून बोर्डही बदलून दिले.

१९८५ वाल्यांसाठी शेवटचा चौकोन ठेवा. ऑक्टोबर १९८५ मध्ये तेच यंत्र न्यू यॉर्कमध्ये 'एंटरटेनमेंट सिस्टीम' या नावाने, व्हीसीआरसारख्या पेटीत आणि सोबत रोबो देऊन विकायला काढलं, कारण 'व्हिडिओ गेम' म्हटलं की अमेरिकी दुकानदार दार लावायचे. तेव्हाच कॅसेट ७२ पिनी झाली आणि आत कुलपाची चिप आली, निन्तेंदोच्या परवानगीशिवाय कोणी कॅसेट काढू नये म्हणून. १९८३ मध्ये अटारीच्या मशीनवर जे झालं त्याचाच तो बंदोबस्त. तुमच्या ६० पिनी डब्यात ते कुलूप नाही, म्हणून त्यात '६४ इन १' बिनबोभाट चालते.

---

मंडळाचा_सचिव

सोर्स 'एव्ही' केल्याबरोबर रंग आले. ९ चा एसएमपीएस, डायोड आणि हीट सिंक लावला; दोन तास चालवलं, आउटपुट ४.९८ वर स्थिर. ६४ मध्ये १७ व्या क्रमांकावर डाँकी काँग आणि ३१ वर पाइपांचा मारिओ सापडला. कॉन्ट्रा फलकावरून काढलाय, पोरं नाराज आहेत.

एकच राहिलं: डावे बटन दाबलं की कधी कधी मारिओ उडी मारतो.

---

तापलेलं_सोल्डर

रिमोटाचा बोर्ड उलटा करून बघा. सफाईच्या वेळचं अल्कोहोल आणि सुटलेला कार्बन डाव्या बटनाच्या आणि 'ए'च्या पट्ट्यांमध्ये वाळून बसला असेल, त्यातून थोडा करंट झिरपतो. नव्या काडीने फक्त पट्ट्यांमधली हिरवी जागा पुसा. त्याने नाही गेलं तर 'ए'च्या वरचं टर्बो बटन दाबलेलं अडकलंय का बघा, त्याची रबरी टोपी बसवताना हमखास तिरकी बसते.